पौषवारी, वाघ आणि तुळस

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीची यात्रा असते, तेव्हा गाडी घेऊन जाऊ नये, असं नाशिकमध्ये भेटेल तो सांगत होता. तरी गेलो. गावाच्या बरंच अलीकडे गाडी लावायला लावली, पुढे पायी. बरंच झालं म्हणा, दिंडीच्या मागे चालायला मिळालं.

पुढे निफाडकडच्या एक आजी होत्या. डोक्यावर तुळस, पायात रबरी चपला. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. विचारलं, "आजी, तुमचे गुरू कोण?" त्यांनी गळ्यातली माळ दोन बोटांत धरून दाखवली.

"ही घातली तवापासून मटण बंद, एकादस चालू. आन काय पाहिजे माउली?"

त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर थांबलो. सिंहस्थात शैव आखाड्यांचे नागा साधू इथं स्नान करतात, वैष्णव बैरागी नाशिकच्या रामकुंडावर. संन्यास घेणारा आधी जिवंतपणी स्वतःचंच श्राद्ध घालतो. मागचं घर, नाव, गोत्र, सगळं त्या पिंडांबरोबर संपतं. माळेपेक्षा हे फारच महाग प्रकरण.

निवृत्तिनाथांच्या घरानं ती किंमत उलट्या बाजूनं मोजली. वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनीच परत संसारात पाठवलं. गुरूंची आज्ञा पाळली, म्हणून समाजानं वाळीत टाकलं. मग कथा सांगतात ती अशी: हे कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि लहानगा निवृत्ती एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसलेले. त्यांनी दिलेला नाथपंथाचा उपदेश निवृत्तीनं पुढे कुठल्या मठात नेला नाही, घरातच धाकट्या भावाला दिला. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. एवढा ग्रंथ सांगणारा माणूस स्वतःला निवृत्तिदास म्हणवतो. थोरल्या भावाला इतका मान द्यायचा, आमच्या घरात तरी अवघडच!

समाधीच्या रांगेत तीन तास गेले. आत पोचलो, डोकं टेकेपर्यंत मागून "चला, चला" सुरू. बाहेर आलो तर आजी एका ओट्यावर बसलेल्या, तुळस मांडीत, एक चप्पल तुटलेली.

"दर्शन झालं?"

"पायरीला डोकं टेकवलं. रांगेत उभी ऱ्हायले असते तर दिंडी गेली असती ना पुढं."

दिंडी तरीही पुढे गेलीच होती. चपलेला सुतळी बांधून आजी उठल्या.