कागदाची ओल

जलरंगात निसर्गचित्र करणाऱ्याला दोन घड्याळं सांभाळावी लागतात. एक आकाशातलं. सावल्या दोन तासांत एवढ्या सरकतात की सुरुवातीला उजेडात असलेली पायरी शेवटी अंधारात गेलेली असते. दुसरं मांडीवरच्या बोर्डावरचं, म्हणजे कागदाची ओल. घाई सगळ्यांना पहिल्याची. चित्र बहुधा बिघडतं दुसऱ्यापायी.

वाईजवळचा मेणवलीचा घाट घ्या. मे महिन्यात सकाळी सातला बसावं, सव्वानऊला आवरावं. मग ऊन डोक्यावर चढतं आणि पायऱ्या सपाट दिसू लागतात. एवढ्या वेळात पाव इम्पीरियल, म्हणजे ११ बाय १५ इंच, पुरे. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद, चारी बाजूंनी टेप, बोर्डाची वरची कड दोनेक इंच उचललेली. कागदावर ऊन नको. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, हात नकळत गडद टोन लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मोठ्या ब्रशने, एकदाच आणि भरपूर. मग थांबायचं. हे थांबणंच कठीण! कागद चकाकतोय तोवर सोडलेला रंग वाटेल तिकडे पळतो. चकाकी मरून मंद झाक उरली, की लांबचे डोंगर टाकावेत. या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. जास्त झालं तर ते अर्धवट वाळलेल्या रंगाला बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तो पुसत बसू नये. तिथे एखादं झाड आणता येतं का बघावं. कागद वाळला असं वाटलं तरी हाताची मागची बाजू टेकवून बघावी. गार लागला तर आत ओल आहे. मे महिन्यात उलटी तक्रार, ओल टिकतच नाही. कागद मागूनही भिजवावा, पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाकावेत. त्याहून जास्त नको, चित्र चिकट राहतं.

घाटाचा दगड काळा, म्हणून ट्यूबमधला काळा लावणारे पुष्कळ. दगड मरतो त्याने. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना पॅलेटवर अर्धवटच मिसळावेत. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि बेसॉल्टचा पोत फुकट मिळतो. उन्हातल्या पायरीला मातकट पिवळ्या यलो ऑकरची पुसट झाक, बाकी कागद तसाच राखावा.

चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाची चित्रं पुन्हा पुन्हा काढत. एकाच जागी परत जाण्याचा व्यावहारिक फायदा हा, की सावली कुठे पोचणार हे आधीच ठाऊक असतं.

पावसाळ्यात स्टुडिओ. कोकणात जुलैमधला वॉश तासभरही ओला राहतो. पाणी साचलेलं असताना हेअर ड्रायर फिरवला तर रंग कडेला ढकलला जातो आणि रेघा पडतात; चकाकी जाऊ द्यावी, मग लांबून फिरवावा. महागाचा कागद साठवायची हौसही याच दिवसांत अंगाशी येते. दमटपणाने सायझिंग, म्हणजे कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेली खळ, खराब होतं, तेवढ्या जागी रंग आत शोषला जातो. कोऱ्या कागदावर हे दिसत नाही, पहिला वॉश मारल्यावरच ठिपके उठतात. म्हणून नव्या गठ्ठ्यातल्या कागदाची कड आधी ओल्या ब्रशने तपासावी.

स्पॉटवरचं चित्र स्टुडिओत मोठं करताना फोटोवर विसंबू नये. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो. वहीतलं तीन टोनचं (फिकट, मध्यम, गडद), वेळ लिहिलेलं छोटं स्केच जास्त कामाचं. आणि १५ बाय २२ इंच म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट, तेव्हा आकाशाचा रंगही दुप्पट कालवून ठेवावा. अर्ध्यात संपला तर नवा होईपर्यंत वरचा भाग वाळलेला असतो.