बाराटांग का नाही केलंत?

नाही, बाराटांग केलं नाही. आणि हो, माहीत आहे, तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, खारफुटीतून स्पीडबोट जाते. लग्नात, भिशीत, लिफ्टमध्ये, जो कुणी अंदमानला जाऊन आलाय तो मला हे ऐकवतो. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो, "म्हणजे जारवा पण नाही दिसले?" जारवा म्हणजे तिथल्या जंगलात राहणारे मूळचे आदिवासी.

आजवर बहुतेकांना मी "आईंचे गुडघे दुखत होते" असं सांगून सुटत आले. ते खोटं नाही. पण आता नणंदेच्या सासरची मंडळी डिसेंबरची तिकिटं काढून बसलीत आणि त्यांनीही तेच विचारलंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, मला बाराटांगला जायचं होतं. नाशिकला जेवणाच्या टेबलावर कार्यक्रम ठरत होता तेव्हा हॅवलॉक बेटावरचा एक दिवस कमी करा पण गुहा ठेवा, असं मीच म्हटलं होतं. रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो हे तेव्हाही ठाऊक होतं. १९९७ च्या सुमारास ही माणसं बाण बाजूला ठेवून जंगलाबाहेर येऊ लागली, १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करायला सांगितलं आणि तो बंद झाला नाही. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाऊचं आमिष दाखवून नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पुढच्या वर्षी जानेवारीत कोर्टानं पर्यटकांना तिथून जायला मनाई केली आणि मार्चमध्ये ती उठली. हे सगळं वाचून मी हो म्हटलं होतं. आपण काचा वर करू, मोबाइल पर्समध्ये ठेवू, आपण गुहा बघायला चाललोय. हा हिशोब मला आजही अगदीच टाकाऊ वाटत नाही. फक्त त्या जंगलाच्या तोंडाशी, जिरकाटांगच्या चौकीवर, तो माझ्याच्यानं पाळवला नाही.

पोर्ट ब्लेअरहून (कागदावर आता श्री विजयपुरम, पण तिथे आम्हाला भेटलेलं कुणीच तसं म्हणत नव्हतं) रात्री तीनला निघालो. पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्यांचा कॉन्व्हॉय सोडतात, पहिला सकाळी सहाचा, त्यात नंबर लागायला हवा म्हणून. जिरकाटांगच्या चौकीवर पोचलो तर आमच्या आधीच लांबलचक रांग. टपऱ्यांवर चहा उकळतोय, इडल्या वाफाळतायत, लोक टॉर्चच्या उजेडात फॉर्म भरतायत. वाटेत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही, असं सगळं फलकावर लिहिलेलं. फोटोंना तर कायद्यानंच बंदी आहे.

मागच्या टेंपो ट्रॅव्हलरमधून मराठी आवाज आले आणि त्या उकाड्यातही कानटोपी घातलेले एक आजोबा पाय मोकळे करायला उतरले. फार सज्जन माणूस. आम्हाला डिंकाचे लाडू दिले, आईंची चौकशी केली. मग आमच्या ड्रायव्हरला म्हणाले, "कल साइटिंग हुआ क्या? सुबह के कॉन्व्हॉय में ज्यादा दिखते हैं ना?"

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सीत बसून आम्ही हेच विचारलेलं आहे. त्याच सुरात.

ड्रायव्हर काहीतरी गुळमुळीत बोलला. नणंदेचे यजमान म्हणाले, "आपण उजवीकडे बसू या." आणि माझी सातवीतली लेक, जी इतका वेळ माझ्या खांद्यावर झोपलेली होती, ती उठून न बोलता उजव्या खिडकीशी जाऊन बसली. मी म्हटलं, "इकडे ये." ती म्हणाली, "का?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी गाडीतून उतरले.

पुढचा अर्धा तास कुणाला सांगण्यासारखा नाही, पण तोच तर सगळे गुडघ्यांआड लपवतोय. नवरा म्हणाला, "आत्ता? इथे?" नणंद म्हणाली, "अहो वहिनी, आपण त्यांना काही करतोय का? रस्त्यानं तर चाललोय." मी म्हटलं, रस्त्यानं चाललोय तर खिडकी कशाला बदलायची? मग नवऱ्यानं भामरागड काढलं. कॉलेजच्या शिबिरात असताना मी तिथल्या आठवडी बाजारात एका माडिया आदिवासी आजीचा फोटो काढला होता. चेहऱ्यावरचं गोंदण इतकं सुंदर आलंय की तो अजून आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. "तो काढताना विचारलं होतंस तिला?" मी म्हटलं, ती बाजारात आली होती, तिला नको असतं तर तिनं तोंड फिरवलं असतं, मला चार शिव्या दिल्या असत्या. तो म्हणाला, "हे पण रस्त्यावर येतातच की." यावर मी जे बोलले ते आवाज चढवून बोलले, आणि त्यात मुद्दा नव्हता.

मला निरुत्तर केलं ते ड्रायव्हरनं. तो इतका वेळ गप्प उभा होता. "मॅडम, मेरा घर रंगत में है. माँ उधर है. मैं क्या उड़ के जाऊँ?" मध्य आणि उत्तर अंदमानात राहणाऱ्यांचा हाच रस्ता आहे. दवाखाना, कॉलेज, भाजीपाला, सगळं यावरून. रस्ता बंद करा म्हणणं नाशिकच्या टेबलावर सोपं आहे. पण तो आईकडे जातो आणि आम्ही चाललो होतो सहलीला, हा फरक मला तेव्हा सुचला नाही. नंतर सुचला. मग वाटलं, त्याची रोजी तर आमच्या सहलीवरच चालते.

पोलिसानं वैतागून यादीतलं माझं नाव खोडलं. मला वाटलं होतं लेक माझ्याबरोबर उतरेल. ती उतरली नाही. ती रागावलेलीही नव्हती, तिला जायचं होतं इतकंच. उतरल्या त्या आई. "गुहेपर्यंत चालायचं माझ्याच्यानं होणार नाही," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन टपरीच्या बाकावर बसल्या. फाटक उघडलं. एकामागून एक गाड्या गेल्या, कितीतरी वेळ जातच राहिल्या. आमची गाडी गेली तेव्हा मी हात केला. खिडकी बंद होती, नियमाप्रमाणे.

आम्ही दोघी परतणाऱ्या एका टेंपोत जागा मिळवून हॉटेलवर आलो आणि दुपारी रिक्षानं वांडूरला गेलो. तिथे मगरींपासून सावध राहा असे फलक आहेत. आम्ही पाण्यात न जाता झाडाखाली बसलो. बऱ्याच वेळानं आई म्हणाल्या, "तुझं बरोबरही असेल. पण चारचौघांत त्याला असं बोलायला नको होतं." लाडू तेवढे आम्ही संपवले.

संध्याकाळी मंडळी आली. नवरा बोलत नव्हता. नणंदेनं खारफुटीच्या बोगद्यासारख्या खाडीचं फार छान वर्णन केलं. ज्वालामुखी म्हणे अगदीच फुसका, चिखलात बुडबुडे येतात तेवढंच. रात्री लेक दात घासायला गेली तेव्हा मी बाथरूमच्या दाराशी उभी राहिले आणि विचारलं, "दिसले का?"

तिनं सांगितलं. किती, कुठे, काय करत होते, अंगावर काय होतं, मी सगळं विचारून घेतलं. एकदा नाही, मध्ये थांबवून पुन्हा विचारलं. ते इथे लिहिणार नाही.

त्यामुळे तत्त्वासाठी उतरलेली बाई असं माझं कौतुक करणाऱ्या दोन मैत्रिणींनी ते परत घ्यावं. आणि "एवढं होतं तर अंदमानला गेलीसच कशाला" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. हॅवलॉकला राधानगरच्या पाण्यात मी पोरीसारखी लोळले, आणि ते बेट तरी मूळचं कुणाचं होतं? नाशिकची मी म्हणते, अर्धवट माहितीवर तमाशा केलास. जिरकाटांगची मी म्हणते, माहिती पूर्ण होती म्हणून तर गप्प बसलीस. दोघींचं जमत नाही.

नील बेटाबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथले लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटीला तिच्यापर्यंत प्रवाळाच्या खडकांवरून चालत जाता येतं, आणि मध्ये डबक्याडबक्यांत सागरी काकड्या, तारामासे, जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले. सावली पडली की शिंपला मिटतो. आम्हाला वाट दाखवणाऱ्या तिथल्या पोराचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेले. तो एकेक दाखवत होता आणि कुणाचा हात पुढे झाला की ओरडत होता. नवरा तिथे पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "चप्पल नीट घाल, घसरशील."

तर डिसेंबरच्या मंडळींनो, ड्रायव्हरचा नंबर नणंदेकडे आहे, माणूस वेळेचा पक्का. नीलला मुक्कामच करा, ओहोटीची वेळ हॉटेलात आधी विचारा, मागचा पट्टा असलेल्या चपला घ्या. पाचला अंधार पडतो, तेव्हा बेत सकाळचे ठेवा. शंख-शिंपले उचलू नका, विमानतळावर सामानातून काढून घेतात. बाराटांगचं तुमचं तुम्ही ठरवा. परत आल्यावर मला गुहांचं सांगा. बाकीचं मी विचारलं तरी सांगू नका.