आमची वाटचाल : जिन्याखालचे बाकडे

१९८९ साली पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, एका जिन्याखालच्या चार फुटांच्या जागेत मी आणि माझा भागीदार वॉकमन (खिशातला कॅसेट-प्लेअर) दुरुस्तीला बसलो. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ चा, पण आमच्याकडे बहुतेक त्याच्या नकलाच येत : बेल्ट सैल, फीत ओढणारा रबरी पिंच रोलर कडक, फीत वाचणाऱ्या हेडवर तिचा तपकिरी मळ. अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा फितीशी कोन जुळवणारा, स्क्रू केसभर फिरवला की दबलेली झांज मोकळी होते, हे भागीदाराने मला कानाने शिकवले. मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला त्याचा बारीक पेचकस अजून माझ्या खणात आहे. तो गावी परतल्यानंतर सीडी आली, एमपीथ्री आले, अ‍ॅपलचा खिशातला गाण्यांचा प्लेअर आयपॉड आला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही, दुकान चालले.

२०१६ च्या अखेरीस फोनवरचे इंटरनेट जवळपास फुकट झाले आणि गाणी खिशातल्या फोनमध्येच वाजू लागली. त्याच सुमारास समोर मोबाइलच्या कव्हरांचे दुकान थाटलेल्या गृहस्थांनी, मी सहा वर्षे हाताखाली शिकवलेला मुलगा दुप्पट पगारावर नेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोरालाही संसार आहे. परंतु मी आत बसलेलो असताना त्या गृहस्थांनी गिऱ्हाइकांना जिन्यापाशीच अडवून ‘तिथे आता कोणी बसत नाही’ असे सांगणे, हे मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही. पुढल्या पावसाळ्यात तीन महिन्यांचे भाडे थकले आणि विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप विकावा लागला. तसा मला पुन्हा मिळाला नाही.

दुकान तगले ते सदाशिव पेठेतल्या एका हार्मोनियम शिकवणाऱ्या गुरुजींमुळे. त्यांच्या १६० जीबीच्या आयपॉड क्लासिकमध्ये त्यांच्या गुरूंच्या तालमीचे, कॅसेटवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण होते, आणि आतली १.८ इंची हार्ड डिस्क टकटक करू लागली होती. ‘फोनमध्ये घाला’ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘रियाजाला बसलो की फोन वाजतो हो.’’ मी डिस्क काढून तिच्या जागी अडॅप्टरवर मेमरी कार्ड बसवले. नातवाच्या संगणकावर प्रत होती म्हणून सारे परत भरता आले. (प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि वॉकमन कपाटात ठेवताना सेल काढून ठेवावेत, सेल पाझरला की पत्र्या हिरव्या पडतात आणि मग लोक आमच्यावर रागावतात.) गुरुजींनी त्यांच्या शिष्यांनाही जिना दाखवला.

मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने आयपॉड बंद केल्यापासून ‘आता पुढे काय’ असे मला रोज कोणी तरी विचारते. माझ्या मते गाण्यापुरते यंत्र दोन टोकांना उरेल : एकीकडे २०१७ च्या सारेगामा कारवाँसारखी, वडीलधाऱ्यांसाठी गाणी भरूनच येणारी पेटी, आणि दुसरीकडे कानाचे चोचले पुरवणारे महागडे प्लेअर. परंतु त्या महागड्यांतही अँड्रॉइड घातले, की सर्किट धडधाकट असूनही अ‍ॅप चालेनासे झाल्यावर यंत्र म्हातारे ठरते. आणि यंत्र उघडून दुरुस्त करता यावे म्हणून घेण्यापूर्वी पाठीला स्क्रू आहेत की डिंक आहे, एवढे जरूर पाहावे.

गुरुजींच्या आयपॉडची बॅटरी पुढल्या वर्षी बदलावी लागेल. ती मी आताच आणून ठेवलेली नाही, कारण लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरत जाते.