सात मोजायला पॅरिसला

दोन वर्षांपूर्वी सिलिंडर सरकवताना कमरेत उसण भरली. आठ दिवस शेकून झालं, तेल लावून झालं, ती काही उतरेना, म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, पेनाच्या टोकाने वरून खाली मोजलं, मग खालून वर मोजलं आणि म्हणाले, "तुमचे कमरेचे मणके सहा आहेत." माणसाला असतात पाच. माझ्या त्रिकास्थीचा, म्हणजे कमरेखालच्या मणके चिकटून झालेल्या हाडाचा, पहिला तुकडा बाकीच्यांना चिकटायचा राहून गेला होता. घाबरण्यासारखं काही नाही, पण कधी ऑपरेशनची वेळ आली तर हे आधी सांगा, नाहीतर नंबर चुकून भलतीच नस मोकळी करतील, असं बजावून त्यांनी मला घरी पाठवलं.

उसण गेली, मोजायची खोड राहिली. भाची पॅरिसला शिकायला गेल्यावर निमित्तच मिळालं. ऑक्टोबरात तिच्याकडे दहा दिवस होतो. त्यातले दोन दिवस ज्यारदँ दे प्लाँत या बागेतल्या तुलनात्मक शरीररचनेच्या दालनात, प्राण्यांच्या सांगाड्यांचे मणके मोजण्यात काढले. भाचीने पहिल्या दिवशी सोबत केली. दुसऱ्या दिवशी "मामा, तू जा, मी लूव्रला जाते" म्हणून सटकली.

इमारत 1898 सालची, बागेच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनकडच्या टोकाला. मेट्रोतून वर आलात की पाच मिनिटांत दारात. मंगळवारी बंद असते. बागेतली बाकीची दालनं वेगळ्या इमारतींत आहेत आणि त्यांची तिकिटंही वेगळी, त्यामुळे ऑनलाइन काढताना दालनाचं नाव नीट वाचा.

आत शिरल्यावर पाय थबकतात. शेकडो सांगाडे एकाच दिशेला तोंड करून, वारीला निघाल्यासारखे तुमच्याकडे येत असतात, आणि सगळ्यांच्या पुढे कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा हात वर करून उभा. इथे बहुतेक लोक फोटो काढून पुढे सरकतात. तुम्ही मात्र एखादा लहान प्राणी गाठा आणि मोजायला लागा.

मोजायची रीत अशी. कवटीपासून मागे जायचं, पहिली बरगडी लागली की थांबायचं. मधले सगळे मानेचे मणके, आणि सस्तन प्राण्यांचा नियम असा की ते सातच. उंदीर घ्या, वाघ घ्या, वटवाघूळ घ्या, सात. जिराफाचेही सात, बहुतेक वीतभराहून लांब. डॉल्फिनला मान दिसत नाही, तरी सात, पापडासारखे चेपलेले. राइट व्हेल या देवमाशात ते एकमेकांत वितळून एकच गोळा होतो, पण कडेने पाहिलं तर सातांच्या खुणा दिसतात.

सहाव्या मणक्याची एक खूण लक्षात ठेवा. खुरांच्या आणि शिकारी प्राण्यांत त्याला खालच्या बाजूने रुंद पाती असते, दोन्हीकडे. मोजताना मध्येच फोन आला तरी त्या पातीवरून पुन्हा नंबर लागतो. ती पाती एकाच बाजूला असेल किंवा सातव्यावर गेली असेल तर समजा, या प्राण्याचा आराखडा जरा सरकला आहे. आणि डाव्या बाजूने मोजलंत की वळसा घालून उजव्या बाजूनेही मोजा. एका बाजूला बरगडी आणि दुसऱ्या बाजूला नुसतं टोक, असे प्राणी निसर्गात असतात.

आता नियम मोडणारे. झाडाला उलटा लटकणारा संथ स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनाटी, म्हणजे समुद्रगाय, बस. पाट्या फ्रेंचमध्ये आहेत, तेव्हा लॅटिन नावं लिहून न्या. ब्रॅडिपस, म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, मानेचे मणके आठ ते दहा, बहुधा नऊ. कोलोपस, दोन बोटांचा, पाच ते सात. ट्रिकेकस, म्हणजे मॅनाटी, सहा. एकाच जातीत आकडा इकडचा तिकडे होतो, हे सस्तन प्राण्यांत जवळजवळ अघटितच.

ब्रॅडिपसच्या काचेपुढे मी अर्धा तास उभा होतो. चेहरा कायम हसरा, त्यामुळे तो आपलीच गंमत बघतोय असं वाटतं. त्याचे जास्तीचे मणके खरं तर छातीचे आहेत, बरगड्या गमावलेले. 2010 साली काही संशोधकांनी स्लॉथच्या गर्भात हाड कोणत्या क्रमाने धरतं ते तपासलं. इतर प्राण्यांत छातीच्या मणक्यांचा गाभा आधी टणक होतो, मानेचा नंतर. स्लॉथच्या मानेतले खालचे मणके छातीवाल्यांच्या वेळापत्रकाने चालत होते. सातांचा हिशेब आतून तसाच होता, खांदा आणि बरगड्या तेवढ्या सरकल्या होत्या.

मग बाकीच्यांना हे का जमत नाही? नेदरलंड्समधल्या फ्रीत्सन खालिस आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं यावर काम करतात. त्यांचं म्हणणं, मानेचा आकडा गर्भात इतक्या लवकर ठरतो की तिथे चूक झाली तर बाकीही बिघडतं. माणसात मृत जन्मलेल्या बाळांमध्ये मानेची बरगडी, म्हणजे मानेच्या मणक्याला फुटलेली जादा बरगडी, फार मोठ्या प्रमाणात सापडते. उत्तर समुद्रातून वर आलेल्या मॅमथच्या हाडांत सुमारे एक तृतीयांश मानांवर बरगडीच्या खुणा आढळल्या, आजच्या हत्तींच्या दहापट. नामशेष व्हायच्या आधीचा तो खंगलेला कळप.

कमरेचं गणित वेगळं. त्याच गटाने 90 जातींचे 774 सांगाडे तपासून 2014 साली मांडलं की भरधाव पळणाऱ्या प्राण्यांत कमर आणि त्रिकास्थीच्या सांध्यावर फेरफार फार कमी. अर्धवट चिकटलेला मणका पाठ ताठ आणि एकांगी करतो. चित्त्याला ते परवडत नाही, संथ चालणाऱ्याला चालून जातं. मी कोणत्या गटात मोडतो ते भाचीने न विचारताच सांगितलं.

नसा, म्हणजे मज्जातंतू, सांगाड्यात दिसत नाहीत, त्यांच्या वाटा दिसतात. दोन मणक्यांमधली फट म्हणजे नसेचं दार. टॉर्च तिरका मारा, ती चटकन उठून दिसते. मानेचे मणके सात आणि नसा आठ, कारण पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून. गाय-बैलांच्या कुळात आणि डुकरांत काही नसा फटीऐवजी मणक्याच्या कमानीतल्या स्वतंत्र भोकातून बाहेर पडतात. ती भोकं शोधण्यात माझी एक दुपार सहज गेली. उंटाची आणखी तऱ्हा. इतरांत मेंदूकडे जाणाऱ्या धमनीसाठी मणक्याच्या बाजूच्या पंखाला भोक असतं, उंटात ते बाहेरून दिसतच नाही, वाट कमानीच्या भिंतीतून आत गेलेली असते.

जिराफाखाली उभं राहून एक रेघ मनात ओढा. मेंदूतून निघालेली स्वरयंत्राची नस अख्खी मान उतरून छातीत येते, डावीकडची महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा मान चढून स्वरयंत्राशी पोचते. निघाली तिथून ते ठिकाण वीतभर अंतरावर होतं. कित्येक मीटरचा हा द्राविडी प्राणायाम माशांच्या कल्ल्यांपासूनचा वारसा आहे. त्याच जिराफाची पहिली बरगडी ज्या मणक्याला आहे, तो मणका जवळजवळ मानेसारखाच हलतो, असं टोकियोच्या दोघा संशोधकांनी 2016 साली दाखवलं. म्हणजे पाणी पिताना कामाला येतात आठ.

आपल्याकडचा एक पाहुणाही इथे आहे. चंद्रनगरहून जहाजाने निघून 1770 साली व्हर्सायच्या प्राणीसंग्रहात पोचलेला भारतीय गेंडा. राज्यक्रांतीत, 1793 साली, तो गेला. कातडं बागेतल्या उत्क्रांतीच्या दालनात, हाडं इथे. त्याच्या बरगड्या मोजायला घेतल्या, पंधराव्या जोडीनंतर शेजारच्या सांगाड्याच्या बरगड्या मध्ये यायला लागल्या आणि हिशेब गंडला. छोटी दुर्बीण न्या, मी नेली नव्हती.

एक सावधगिरी. जुने सांगाडे तारेने बांधलेले असतात. हरवलेल्या हाडाच्या जागी प्लास्टरचं किंवा दुसऱ्याच प्राण्याचं हाड बसवलेलं असू शकतं. विचित्र आकडा आला तर हाडाचा रंग आणि पोत शेजारच्याशी जुळतो का पाहा, लगेच शोध लागल्याच्या थाटात फोटो टाकू नका. मी टाकला, आणि शाळेच्या ग्रुपवर एका पशुवैद्य मित्राने जाहीर हजामत केली.

वर जाताना जिन्याने बरंच चढायचं आहे, तेव्हा गुडघे सांभाळा. पहिल्या मजल्यावर मेगाथेरियम आहे, हत्तीएवढा जमिनीवरचा स्लॉथ, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला. खालच्या त्या हसऱ्याचा हा दूरचा भाऊबंद, म्हणून मोठ्या आशेने मोजायला लागलो. दोन्ही बाजूंनी मोजलं. सात.