कासची किंमत काढायला गेले होते त्याची गोष्ट (माझा अनुभव)

एमए इकॉनॉमिक्सच्या डिझर्टेशनला मी विषय घेतला, कास पठारावर येणाऱ्या लोकांच्या लेखी कासची किंमत किती. घरी सगळ्यांचं एकच, अगं तिकीट आहे ना तिथं, मग तिकीट गुणिले माणसं, झालं की! तेव्हा तिकीट १०० रुपये होतं. पण पुण्याहून चौघं कार काढून आले तर जाऊन येऊन पावणेतीनशे किमी सहज होतात, किमीला ७ रुपये धरले तरी दोन हजारांच्या आसपास गेले, वर खेड शिवापूर आणि आनेवाडीचा टोल, खाणंपिणं वेगळं, शिवाय अख्खा रविवार. एवढं घालवून माणूस येतो म्हणजे त्याला कास निदान तेवढ्याची तरी वाटते, ट्रॅव्हल कॉस्ट मेथडचा सगळा पाया एवढाच. कल्पना हॅरॉल्ड हॉटेलिंगची, त्याने १९४७ ला अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला पत्रातून कळवलेली. अंतराचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातून हजार लोकसंख्येमागे किती जण येतात आणि त्यांना किती खर्च येतो ते मांडायचं, त्यातून मागणीची रेषा निघते, म्हणजे खर्च वाढत गेला की येणारे किती कमी होतात ते दिसतं, आणि लोक प्रत्यक्ष खर्च करतात त्याच्याही वर जेवढा करायची त्यांची तयारी असते ती खरी किंमत. पेट्रोल आणि मिसळीवर गेलेला पैसा म्हणजे कासची किंमत नाही, ती पेट्रोल आणि मिसळीची. हे मला डिझर्टेशनच्या गाईडबरोबरच्या प्रत्येक मीटिंगला कुणाला ना कुणाला समजावावं लागायचं.

परवानगीचं फार लांबवत नाही. वनखातं आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती, दोन्हीकडे पत्र द्यायचं, सीझनच्या बरंच आधी द्यायचं, सप्टेंबरात गर्दी सुरू झाली की तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो.

खरी मजा प्रश्न विचारण्यात. कागदी फॉर्म विसरा, धुकं आणि भुरभुर पावसात कागदाचा लगदा होतो. मी कोबो टूलबॉक्स हे सर्व्हेचे फॉर्म भरायचं ॲप फोनवर टाकलं, ते रेंज नसताना पण चालतं आणि पठारावर रेंजचे हालच आहेत. लोकांना बाहेर पडताना गाठायचं, आत जाताना नाही, कारण बघण्याआधी काय सांगणार. आणि ग्रुपमधल्या कुणालाही विचारलं तर उत्तर कायम गाडी चालवणारा दादाच देतो, म्हणून ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार त्याला विचारायचं असा नियम केला, तेव्हा कुठे मागे उभ्या असलेल्या काकू बोलायला लागल्या. पगार थेट विचारायचा नाही, शेवटी एक कार्ड पुढे करायचं, अ ब क ड मधलं एक अक्षर सांगा म्हणायचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं दोन गोष्टींनी. एक म्हणजे मुंबईची मंडळी, ती नुसत्या कासला येतच नाहीत, सज्जनगड, ठोसेघर, परतीला महाबळेश्वर, मग त्या ट्रिपच्या खर्चातला कासचा वाटा किती? मी विचारायचे, आज फुलं नसती तर घरातून निघाला असता का, आणि या सगळ्या ठिकाणांना मिळून १० मार्क वाटा. लोक हे मार्क अगदी मन लावून वाटायचे, नवराबायकोत वाद पण व्हायचे. दुसरी गोष्ट वेळ. मजुरीच्या एक तृतीयांश दराने प्रवासाच्या वेळेची किंमत धरायची पद्धत आहे, ते मी एका ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आज रविवार, माझा कुठे पगार बुडाला? बरोबरच होतं की त्यांचं. म्हणून मी वेळ धरून आणि न धरता असे दोन्ही आकडे दिले, आणि दोघांत फरक एवढा की एकच आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्यांवरचा माझा विश्वास तेव्हापासून उडालाय.

तिकीट वाढवलं तर किती द्याल, हा पण प्रश्न होता. एक गृहस्थ म्हणाले शून्य, फोटोत गालिचा दाखवतात, इथं कुठंय गालिचा? त्यांच्या बुटापासून हातभरावर सीतेची आसवं नावाची फुलं फुलली होती, पण ती एवढीएवढीशी, खाली बसल्याशिवाय दिसत नाहीत. दुसरे पण शून्य म्हणाले, पण का विचारल्यावर कळलं की पैसे कुठे जातात यावरच विश्वास नाही, फुलं त्यांना प्रचंड आवडली होती. हे दोन शून्य एकाच रकान्यात टाकले की वाट लागली, त्यामुळे "का" हा प्रश्न हवाच.

समितीतर्फे ड्युटीवर असलेले एक गाववाले काका रोज माझं बघायचे. एकदा म्हणाले, "ताई, आमचं काय लिवणार? आमी कुठनंच येत न्हाय. पूर्वी आमची गुरं हितंच चरायची." खरंच, माझ्या मॉडेलमध्ये त्यांना जागाच नव्हती, प्रवासखर्च शून्य, पर्यटक नाहीत, आणि चराईबंदीचा भार तर त्यांच्यावर. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक नेमकं हेच विचारतील असं वाटलेलं, त्यांनी विचारलं लोकसंख्या २०११ चीच का घेतली. नंतर जनगणना झाली नाही सर, म्हटलं, पुढे गेलो.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी, मधल्या वारी पण जा, नुसत्या शनिवार रविवारी मुंबईपुणेच सापडतं, सातारकर गर्दी टाळून येतात. एकूण माणसांचा आकडा समितीच्या तिकिटांवरून घ्या, तिथं दिवसाला ३००० ची मर्यादा आहे, म्हणजे फुल्ल झालेल्या दिवशी ज्यांना बुकिंगच मिळालं नाही ते तुमच्या हिशोबात नाहीत हे पण लिहा. आणि टोपली कारवी हे झुडूप फुलतं त्या वर्षी, म्हणजे साधारण सात वर्षांतून एकदा, सर्व्हे केलात तर तो आकडा दरवर्षीचा म्हणून खपवू नका.