रिकाम्या जागेच्या गावाला

लायडन स्टेशनात शिरताना गाडीने ब्रेक लावला आणि दाराशी उभे असलेले आम्ही सगळे एका लयीत पुढे कललो. हा धक्का माझ्या ओळखीचा. कॉलेजात असताना राधानगरी–कोल्हापूर एसटीत दांड्याला लोंबकळून तो रोज खाल्ला. पुढे फिजिक्स शिकवायला लागलो, तेव्हा फळ्यावर त्याचं नाव लिहिलं, 'जडत्व'. पण ते येतं कुठून? पाठ्यपुस्तक सांगतं, तो वस्तूचा गुणधर्म आहे. एवढ्यावर माझं समाधान कधी झालं नाही. रिकाम्या जागेचा, पोकळीचा, त्यात काही हात असेल का, हा प्रश्न मनात राहिला, आणि त्याचे धागे लायडनला जातात. म्हणून भाचीकडे नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला आलो, तेव्हा ट्यूलिपच्या आधी लायडन पाहायचं ठरवलं. डेल्फ्टहून जेमतेम वीस मिनिटं.

या गावाच्या भिंतींवर भौतिकशास्त्राची सूत्रं रंगवलेली आहेत. आपल्याकडे भिंतीवर जाहिरात किंवा सुविचार असतो, तशी इथे स्नेलची, लॉरेंट्झची समीकरणं. बूरहाव म्युझियमच्या भिंतीवर तर आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं क्षेत्रसमीकरण, लॅम्डासकट. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. सायकली मागून वाहत होत्या. लॅम्डा म्हणजे, आजच्या समजुतीनुसार, रिकाम्या अवकाशाच्याच ऊर्जेचं पद. पुंजभौतिकीने, म्हणजे क्वांटम फिजिक्सने, या ऊर्जेचा सरळ हिशोब केला की उत्तर निरीक्षणाहून सुमारे १० चा १२०वा घात इतकं मोठं येतं. पोकळीबद्दल आपल्याला कळलेलं किती थोडं आहे, हे त्या भिंतीवर उघड्यावर लिहून ठेवलंय.

म्युझियमच्या आत हेलियम द्रवरूप करणारं कामरलिंग ओनेस यांचं यंत्र आहे. पितळ, काच, नळ्या. १० जुलै १९०८ ला त्यांनी याच गावात हेलियम ४.२ केल्विनला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसला, द्रवरूप केला. मग तो गोठवायचा म्हणून आणखी थंड करत गेले, पण तो काही गोठेना. तापमान १ केल्विनच्या आसपास आणलं तरी द्रवच. त्याचं कारण पुंजभौतिकीने नंतर सांगितलं. कितीही थंड केलं तरी अणूची हालचाल पूर्ण थांबत नाही. थोडी थरथर उरतेच, तीच शून्य-बिंदू ऊर्जा. हेलियमचे अणू हलके आणि एकमेकांना फार धरून नसलेले, म्हणून एवढीशी थरथर त्यांना साध्या दाबाखाली घट्ट बसू देत नाही. १९२६ मध्ये लायडनच्याच केसोम यांनी दाब देऊन हेलियम गोठवला. त्याला निदान २५ वातावरणांचा दाब लागतो. पोकळीची गोष्ट सुरू करायची तर मी इथूनच करेन. अणूची थरथर थांबत नाही, तशी विद्युतचुंबकीय क्षेत्राचीही थांबत नाही. खोलीतली हवा काढा, दिवा विझवा, उष्णता काढून घ्या, तरी प्रत्येक कंपनसंख्येमागे अर्ध्या पुंजाएवढी ऊर्जा शिल्लक राहते.

ओनेस यांची जुनी प्रयोगशाळा स्टीनस्खूर कालव्याकाठी आहे. आता तिथे कायद्याचे वर्ग भरतात. 'मापनातून ज्ञानाकडे' हे त्यांचं ब्रीद. दिवसभर ते माझ्या डोक्यात राहिलं आणि पुढे त्याचा उपयोगही झाला.

लॉरेंट्झ इथेच चोविसाव्या वर्षी, १८७८ मध्ये, प्राध्यापक झाले. माझ्या प्रश्नाचा धागा त्यांच्यापाशी सुरू होतो. विद्युतभारित कण चालू लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. वेग वाढवायचा तर ते क्षेत्रही वाढवावं लागतं, म्हणजे जादा ऊर्जा ओतावी लागते. कण ढकलणं जड जातं ते काही अंशी त्याच्या स्वतःच्याच क्षेत्रामुळे! इलेक्ट्रॉनचं सगळंच वस्तुमान असं विद्युतचुंबकीय असेल, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटत होती. हिशोब जुळला नाही. नुसत्या विद्युतबलावर इलेक्ट्रॉन एकसंध राहत नाही, तो आपल्याच भाराने फुटेल. पण कल्पना मनात घर करून बसते. माझ्या मनात तर तीस वर्षं बसली आहे.

दुपारी विटे रोझेनस्ट्राटवरून गेलो. लायडनचे भौतिकशास्त्रज्ञ एरनफेस्ट यांचं घर या रस्त्यावर, बाहेरूनच पाहिलं. घरातल्या एका भिंतीवर आलेल्या पाहुण्यांनी सह्या केल्या आहेत, त्यात आइन्स्टाइन, बोर, डिरॅक. २७ ऑक्टोबर १९२० ला आइन्स्टाइनने लायडनमध्ये 'ईथर आणि सापेक्षता' या विषयावर व्याख्यान दिलं. ज्याने ईथरला, म्हणजे प्रकाशलहरींसाठी अवकाशभर मानलेल्या माध्यमाला, निरोप दिला असं आपण शिकवतो, त्यानेच इथे सांगितलं की अवकाशाला भौतिक गुण आहेत आणि त्या अर्थाने ईथर आहे. फक्त तो स्थिर किंवा गतिमान आहे असं म्हणता येत नाही. जडत्व दूरच्या ताऱ्यांमुळे, या माखच्या विचारालाही त्याने त्याच व्याख्यानात हात घातला. लॉरेंट्झ आणि एरनफेस्ट यांच्या गावात हे बोलायला धैर्य लागलं असेल, आणि प्रेमही.

दुसऱ्या दिवशी आइंडहोवन. स्ट्रिप भागात फिलिप्सची जुनी संशोधनशाळा, नॅटलॅब. आता तिथे सिनेमा लागतो आणि खाली कॅफे आहे. एरनफेस्टचे विद्यार्थी हेंड्रिक कासिमिर १९४२ मध्ये फिलिप्समध्ये आले. तिथे फेरवे आणि ओव्हरबेक द्रावात तरंगणाऱ्या बारीक कणांचा अभ्यास करत होते. कणांमधलं आकर्षण अंतरागणिक अपेक्षेपेक्षा वेगाने कमी होत असावं, असं त्यांच्या लक्षात आलं. प्रकाशाला कणापासून कणापर्यंत जायला वेळ लागतो, हे धरून कासिमिर आणि पोल्डर यांनी गणित सोडवलं. उत्तर फारच सुटसुटीत आलं. हे का, असं कासिमिरनी फिरता फिरता बोरना विचारलं, तर ते शून्य-बिंदू ऊर्जेबद्दल काहीतरी पुटपुटले. तेवढं पुरलं. १९४८ मध्ये कासिमिरनी मांडलं की पोकळीत दोन धातूच्या पाट्या समोरासमोर ठेवल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, कारण मधल्या फटीत सगळ्या लहरी मावत नाहीत आणि बाहेर मावतात.

हे बल किती? एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, फटीला एक चौरस सेंटिमीटर पाटीवर जेमतेम १३ मायक्रोग्रॅम वजनाएवढं. अंतर निम्मं केलं की सोळापट. दहा नॅनोमीटरला, आदर्श धातू धरला तर, जवळपास वातावरणाच्या दाबाएवढं! १९५८ मध्ये फिलिप्समधल्याच स्पार्नाय यांनी ते मोजायचा प्रयत्न केला, पण मोजमापातली अनिश्चितता परिणामाएवढीच होती. खात्रीचं मापन १९९७ मध्ये लामोरो यांनी केलं.

कॅफेत भाचीने विचारलं, "मामा, मग तुमच्या एसटीच्या धक्क्याचं काय?"

मी तिला १९९४ चा हाइश, रुएदा आणि पुटहॉफ यांचा प्रस्ताव सांगितला. एकसमान वेगाने चालणाऱ्याला पोकळीतली ती थरथर सगळीकडून सारखीच दिसते, म्हणून तिचा अडथळा होत नाही. पण वेग बदलला की ती एकसारखी राहत नाही, आणि वस्तूतल्या भारांवर लॉरेंट्झचं बल, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्राचं बल, उलट दिशेने पडतं. तेच जडत्व, असं त्यांचं म्हणणं.

"छानच आहे की."

"छान आहे. पण मोजलेलं नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि प्रोटॉनचं वस्तुमान तर बहुतेक त्याच्या आतल्या क्वार्क आणि ग्लुऑन या कणांच्या ऊर्जेतून येतं ना? ते तर हा प्रस्ताव मांडणाऱ्यांना आधीच माहीत होतं."

तिचं बरोबर होतं. या प्रस्तावाला बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी मान्यता दिलेली नाही. शिवाय कासिमिरचं बलही शून्य-बिंदू ऊर्जेचं नाव न घेता, पाट्यांमधल्या भारांच्या परस्पर ओढीतून काढता येतं. लिफशिट्झ यांनी ती वाट दाखवली. बल खरं, मोजलेलं. पण ते 'पोकळीच ढकलते' याचा पुरावा म्हणून उभं करणं मला मान्य नाही. आमच्याकडे काही लोक 'क्वांटम'चं नाव घेऊन काय काय विकतात ते पाहिलंय, म्हणून हा फरक मी वर्गात सांगतो, आणि पुढेही सांगेन. पोकळी रिकामी नाही, हे खात्रीने. तीच आपल्याला धक्का देते, हे अजून नाही.

परतीच्या गाडीत भाची थकून झोपली, डोकं खिडकीला टेकवून. बाहेर सपाट हिरवी कुरणं, कालवे, गायी. रॉटरडॅम जवळ आलं तेव्हा ब्रेक लागला आणि तिचं डोकं पुढे झुकलं. मी हात पुढे केला, तिचं कपाळ तळहातावर टेकलं, आणि गाडी थांबेपर्यंत तो भार मी तसाच पेलून धरला.