तुम्ही विचारलंत म्हणून: कोलंबीला हात लागला तर?

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि आता ठाण्यात राहतो. मागच्या गटारीला शेजारच्या काकूंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि घरात दीड किलो कोलंबी आणून ठेवलेली, म्हणून मी सोलायला बसले. डोकं मोडायचं, साल काढायचं, पाठीवरचा काळा दोरा ओढायचा. त्यांची सून दारातच थबकली, म्हणाली, "अहो, तुम्हाला चालतं हे? विटाळ नाही होत?" हा प्रश्न मला ऑफिसात, लग्नात, ट्रेनमध्ये, सगळीकडे विचारतात.

नाही होत. पाण्यातलं पर आणि खवले नसलेलं आम्ही खात नाही, म्हणजे कोलंबी, खेकडा, तिसऱ्या, मोरी सगळं बंद, पण बंदी खायला आहे, शिवायला नाही. दुसऱ्याला सोलून द्या, कुत्र्याला डुकराचं मांस घाला, आजारी माणसाला त्याचं जेवण भरवा, चालतं. धंदा तेवढा करू नये, कारण रोज हाताळता हाताळता एक दिवस तोंडात जाईल ही भीती. मांस आणि दूध एकत्र, त्याचं मात्र फार कडक आहे, ते शिजवायलाही मनाई, म्हणून आमच्या मटणात नारळाचं दूध.

तोरा या आमच्या धर्मग्रंथात, त्यातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात निषिद्ध जनावराच्या मढ्याला शिवू नका असं आहे खरं, पण आमच्या जाणकारांनी तो नियम सणाला यरुशलेमच्या मंदिरात शुद्ध होऊन जाण्यापुरता धरला, आणि ते मंदिर रोमनांनी सन 70 मध्येच पाडलं. विटाळ हा शब्द आपल्याकडे माणसांना लावून लोकांना किती छळलंय ते आपण जाणतो, म्हणून मला तो आमच्या कोशेरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या नियमांना, चिकटलेला अजिबात नको आहे.

मग जेवायच्या आधी एवढे हात कसले धुता, असं पुढचं विचारतात. ते नेटिलात यदायिम, म्हणजे हात धुण्याचा विधी, ते कोलंबीसाठी नाही, भाकरीसाठी आहे, म्हणजे गव्हा-जवाच्या. माझी आजी अंगठी काढून कनवटीला लावायची, तांब्याने आधी उजव्या हातावर मनगटापर्यंत पाणी, मग डाव्यावर, मग बेराखा, म्हणजे छोटी प्रार्थना, म्हणायची, हात पुसायची आणि पोळीवर हमोत्सी ही भाकरीची प्रार्थना म्हणून पहिला घास घेईपर्यंत एक शब्द बोलायची नाही, हाक मारली तर नुसती मान हलवायची. पाणी भांड्यानेच ओतायचं, नळाची धार चालत नाही. आणि हात त्याआधीच स्वच्छ पाहिजे, पीठ, रंग, माशाचा चिकटा काही मध्ये राहिलं तर पाणी कातडीला लागत नाही, म्हणून कोलंबी सोलून आल्यावर पहिलं साबणाने आणि लिंबाच्या सालीने घासायचं, ती साधी सफाई, आणि तांब्या त्याच्यानंतर. तांदळाची भाकरी असेल तर नेटिलात लागतच नाही, त्यामुळे आमच्या कोकणातल्या घरांत हे रोज दोन्ही वेळेला होतं असंही नाही.

खरी काळजी हाताची नाहीच, भांड्याची. गार कोलंबी हाताला लागली, धुतली, संपलं. पण काकूंच्या ज्या कढईत ती गरम शिजली त्या कढईने चव पिऊन घेतली असं आम्ही मानतो, तिच्यातली भाजीसुद्धा मी खात नाही. काकूंना हे माहीत आहे, त्या मला चहा देतात आणि सोबत केळं.